“याच्या घरी कोन हाये?”

टीव्हीवर कुठलाही डिटेक्टिव्ह आला, की दहा मिनिटांच्या आत आईचा प्रश्न ठरलेला असायचा. “याच्या घरी कोन हाये गं?”

१९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ लागली तेव्हा मी बारा वर्षांची होते. अवसरी खुर्दच्या आमच्या घरात पडवीला कृष्णधवल टीव्ही होता आणि आळीतली आठ-दहा माणसं त्याच्यापुढे मांडी घालून बसायची. आईला हिंदी पुरतं कळत नसे. मी तिच्या कानाशी बसून मराठीत सांगायचे. मेलेला माणूस कोण, दाराला कडी आतून होती की बाहेरून, संशय कुणावर आहे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच विचारायची. याच्या घरी कोन हाये? बायको हाये का? जेवायला कोन वाढतं? मी चिडायचे. खून पडलाय, पुरावा समोर आहे, आणि हिला वाढणाऱ्या माणसाची काळजी!

तो प्रश्न अडाणीपणाचा आहे, असं मी बत्तीस वर्षं मानलं. नुसतं मानलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. त्या समजुतीप्रमाणे मी वागले आणि घरातल्या दोन बायकांना दुखावलं. आता माझं मत बदललं आहे. ते का आणि कसं बदललं, हे त्या दोघींनी वाचावं म्हणून लिहिते आहे.

मला शाळेपासून गणिताची ओढ. पुढे तेच शिकवू लागले. गणितात उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, आणि ते सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. डिटेक्टिव्ह मला त्याच जातीचा माणूस वाटे. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स वाचनालयातून आणून वाचला तेव्हा ही खात्री आणखी पक्की झाली. वॉटसन होम्सचं वर्णन करतो ते निरीक्षण आणि तर्क करणारं अचूक यंत्र असं. मायाप्रेमाला त्या यंत्रात जागा नाही. वॉटसनच्या बोलण्यात थोडी खंतही असावी हे मला तेव्हा जाणवलं नाही. मी ते वर्णन आदर्श म्हणून घेतलं.

त्याच मापानं मी टीव्हीवरच्या सगळ्यांना मोजायचे. काळा चष्मा लावून गाजर खाणारा, पंकज कपूरचा ‘करमचंद’ मला चालायचा. त्याला ऑफिस होतं, मदतनीस किटी होती, घर असं दिसायचं नाही. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’चं तर नावच पोलिसांचा फोन नंबर. तिथे फक्त तपास चालायचा. ब्योमकेश मला आवडायचा, पण त्यानं सत्यवतीशी लग्न केलं तेव्हा तो माझ्या मनातून थोडा उतरला. आईच्या मनात तो तिथेच चढला. सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी मराठी आहे हे कळल्यावर तर ती म्हणाली, “आपली हाये ती. आता त्याचं नीट चालंल.”

आणि १९९८ च्या जानेवारीत सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली, ती मला कधी पटलीच नाही. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न हाताची बोटं गोल फिरवत विचार करायचे, दया दार तोडायचा, आणि प्रयोगशाळेत साळुंखे दोन मिनिटांत निकाल द्यायचे. एसीपींचा मुलगा नकुल गुन्हेगारीच्या वाटेला लागतो आणि बापालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते, त्या भागाला आई पदर तोंडाला लावून रडली. मी म्हणाले, यात तपास कमी आणि रडारड जास्त. ती काही बोलली नाही.

२००९ मध्ये आमच्या गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. लांबलांबची मुलं आली आणि ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी खोल्या काढून भाड्यानं दिल्या. आम्हीही दोन खोल्या बांधल्या. तिथे राहणाऱ्या एका मुलानं २०१२ च्या पावसाळ्यात मला पेन ड्राइव्हवर बीबीसीची ‘शेरलॉक’ दिली. भारनियमनाच्या वेळा सांभाळून मी तेव्हाचे सहाही भाग दोनदोनदा पाहिले. बेनेडिक्ट कंबरबॅचचा तो शेरलॉक बुटावरचा चिखल, बाहीचा धागा, फोनवरचे ओरखडे बघतो आणि माणसाचा सगळा जन्म त्याच्या तोंडावर वाचून दाखवतो. लोकांना काय वाटेल याची त्याला फिकीर नाही, आणि तसं तो अभिमानानं सांगतो. मला हवा होता तो माणूस सापडला असं वाटलं.

त्याच वर्षीच्या पितृपंधरवड्यातली गोष्ट.

उन्हाळ्यात काढलेला कांदा आमच्याकडे बराखीत भरून ठेवतात आणि भाव बघून पावसाळ्याच्या अखेरीला बाहेर काढतात. त्या वर्षी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बराख फोडली, बायकांनी कांदा निवडला, आणि पिशव्या भरून मंचरच्या मार्केटला गेल्या. हिशेब माझ्याकडे असायचा. मी १३० रिकाम्या पिशव्या आणल्या होत्या. आडतीवरून आलेल्या पट्ट्यांची बेरीज केली ती ११८ पिशव्यांची. घरात चार रिकाम्या शिल्लक. आठ पिशव्यांचा पत्ता लागत नव्हता. कांदा सडतो, सुकतो, वजनात घटतो, त्याचा ताळा कधीच तंतोतंत बसत नाही. पण रिकामी पिशवी सडत नाही.

मी कुणाला बोलले नाही. शोधू लागले. पिशव्या शिवायचा दाभण नेहमीच्या कोनाड्यात नव्हता, चुलीमागच्या फळीवर होता. शिल्लक चार पिशव्यांपैकी एकीच्या तोंडाला अर्धवट घालून सोडलेले टाके होते आणि ते उलट्या अंगानं तिरपे गेले होते. आई डावखुरी आहे. म्हणजे अण्णा घरी नसताना आईनं पिशव्या भरल्या होत्या, शिवल्या होत्या. मग मी तिचा बटवा उघडला. आत नारायणगावचं एसटीचं तिकीट होतं आणि घडी घातलेला एक गुलाबी कागद होता. सराफ दागिना गुंडाळून देतात तसला. गौरीला ताई आली होती तेव्हा तिच्या गळ्यात नुसती काळ्या मण्यांची पोत होती, मंगळसूत्र गाठवायला दिलंय असं ती म्हणाली होती. तेही मला आठवलं. सगळे दुवे जुळले. मला फार आनंद झाला होता, हे लपवत नाही.

आजोबांच्या तिथीला पंगत बसली. पंगतीला चुलते होते आणि ताईचे थोरले दीर होते. ते जुन्नरकडून काही कामानं मंचरला आले होते, म्हणून अण्णांनी त्यांना आग्रहानं जेवायला थांबवलं होतं. जेवता जेवता अण्णा सहज म्हणाले, “औंदा पिशव्या कमीच भरल्या.”

मी बोलायला लागले. रिकाम्या पिशव्या, टाके, दाभण, तिकीट, कागद. एक दुवा सांगितला की पुढचा आपोआप तोंडात यायचा आणि थांबावंसं वाटत नव्हतं. शेवटी मी सांगितलं की आठ पिशव्या आईनं विकल्या आणि त्या पैशातून ताईचं गहाण पडलेलं मंगळसूत्र सोडवलं.

एकही गोष्ट चुकली नव्हती. दाजींनी कर्जापायी ते गहाण टाकलं होतं आणि सख्ख्या भावालाही कळू दिलं नव्हतं. ते भाऊ आमच्या पंगतीत बसले होते. त्यांचा हात ताटातच थांबला. अण्णांनी आईकडे पाहिलं. आई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. “भात घ्या,” ती म्हणाली, आणि वाढायला वाकली.

पुढे ताईच्या घरी काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. दोघा भावांचं बोलणं तुटलं. ताईला बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवाळीला ती माहेरी आली नाही.

आई मला एका शब्दानंही बोलली नाही. पण त्यानंतर आम्ही दोघी टीव्हीपुढे बसलो, की ती मला काही विचारीनाशी झाली. खून कुणी केला हे नाही आणि घरी कोण आहे हेही नाही.

मी स्वतःची समजूत घालून घेतली. मी खरं तेच बोलले, खऱ्याचा त्रास होणाऱ्यांनी खोटं करू नये, असं मी मनाशी म्हणत राहिले. वर्षं गेली. ताई येऊ-जाऊ लागली, भाऊही पुन्हा बोलू लागले. २०१९ मध्ये अण्णा गेले. त्या पंगतीचा विषय घरात कुणी काढत नसे, आणि मला वाटे तो मिटला.

‘सीआयडी’ २०१८ मध्ये थांबली होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती नव्यानं सुरू झाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला. पुढे ते परत आलेही, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक? आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती टीव्हीकडे बघत राहिली आणि तेरा वर्षांनी तिनं मला पुन्हा प्रश्न विचारला. “याचं सुतक कोन धरील गं?”

मुलगा बापाच्याच गोळीनं गेलेला. घरात कुणी नाही. मी जरा वेळानं म्हणाले, “दया आणि अभिजीत धरतील.”

“मग हाये म्हनायचं कुनीतरी घरी,” ती म्हणाली.

रात्री मला झोप लागली नाही. ज्या मालिकेला मी सत्तावीस वर्षं हसत आले तिच्यातल्या माणसाला आई घरातल्या माणसासारखी धरून बसली होती, आणि तिनं विचारलेलं खरं होतं. उठून मी फोनवर ‘शेरलॉक’ लावली. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग, नाताळच्या मेजवानीचा. तो मी २०१२ मध्ये दोनदा पाहिला होता. शेरलॉकच्या घरी चार माणसं जमली आहेत. शवागारात काम करणारी मॉली नटूनथटून येते. तिच्या हातात भेटवस्तू आहेत. त्यांतल्या एकीला लाल कागद नीटनेटका लावला आहे, बाकीच्या घाईत गुंडाळल्या आहेत. शेरलॉक सगळ्यांसमोर बोलायला लागतो. कागदाचा रंग ओठांच्या रंगाशी जुळतो, बांधणीत मन ओतलंय, म्हणजे बाई कुणाच्या तरी प्रेमात आहे. मग तो चिठ्ठी उलटतो. चिठ्ठीवर त्याचंच नाव आहे.

तिथपर्यंत मला सगळं पाठ होतं. त्यापुढचं आठवत नव्हतं. त्यापुढे तो थांबतो, त्याचा चेहरा पडतो, आणि तो तिची माफी मागतो. मनापासून, सगळ्यांसमोर.

लाल कागद आणि गुलाबी कागद. हा प्रसंग मी आमच्या पंगतीच्या दोन-तीन महिने आधी पाहिला होता. त्यातली तर्काची रीत मी उचलली आणि माफी डोळ्यांसमोरून जाऊनही मला दिसली नाही. जो भाग आपल्याला हवा तेवढाच पुरावा धरायचा, हे कच्च्या तपासाचं लक्षण. मी माझ्या आदर्शाचाच तपास कच्चा केला होता.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जुने-नवे डिटेक्टिव्ह पुन्हा पाहिले, मिळतील त्या कथाही वाचल्या. या वेळी आईचा प्रश्न हातात घेऊन. आणि कळलं, की ज्यांना आपण फक्त बुद्धीसाठी ओळखतो त्या प्रत्येकाला निर्माण करणाऱ्यानं या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवून ठेवलं आहे.

कोलंबो घ्या. पीटर फॉकचा तो चुरगळल्या रेनकोटातला पोलीस अधिकारी बोलता बोलता सारखी बायकोची आठवण काढतो. माझ्या बायकोला हे आवडतं, माझी बायको असं म्हणते. त्याच्या मालिकेत ती एकदाही दिसत नाही. पण बड्या बंगल्यातल्या गर्विष्ठ खुन्यासमोर तो घरदार असलेला साधा माणूस म्हणून उभा राहतो तो तिच्या आधारानं.

‘मंक’मधल्या ॲड्रियन मंकच्या घरी कोण आहे? गेलेली बायको. ट्रुडी गाडीतल्या बॉम्बस्फोटात मारली गेली आणि हा पोलिसाच्या नोकरीला मुकला. वाकडी झालेली एकूण एक वस्तू त्याच्या नजरेला सलते, आणि त्या सलण्यातूनच त्याला गुन्हे उलगडतात. २००२ ते २००९ अशी आठ पर्वं तो दुसऱ्यांची कोडी सोडवत राहतो आणि स्वतःचं कोडं शेवटच्या भागात सुटतं. त्याची बुद्धी आणि त्याचं दुःख वेगळं काढता येत नाही. पूर्वीच्या मला हा माणूस आजारी वाटला असता. आता वाटतं, इतकी वर्षं एका माणसाची जागा मनात रिकामी ठेवणं सोपं नाही.

ब्योमकेशकडे परत गेले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी तो बंगालीत लिहिला. ते चित्रपटाच्या कामासाठी मुंबईला आले आणि १९५२ मध्ये ते काम सोडून पुण्याला स्थायिक झाले. म्हणजे ब्योमकेशच्या नंतरच्या कितीतरी कथा आमच्या गावापासून ६०-६५ किलोमीटरवर लिहिल्या गेल्या. मूळ कथांत ब्योमकेश सतरा वर्षांचा असतानाच त्याचे आईवडील क्षयानं जातात. तो पोरका आहे. मित्र अजित आणि घरगडी पुंटीराम हेच त्याचं घर, आणि मग सत्यवती येते. ती भेटते तीही तपासातच, तिच्या भावावर खुनाचा आळ आलेला असताना. तिथे ब्योमकेशची बुद्धी कुठेही सैल पडत नाही. बासू चटर्जींच्या मालिकेत रजित कपूर हे फार हळू आवाजात करतात. ज्या घरावर संकट आहे त्या घरातल्या माणसाकडे तो आधी माणूस म्हणून बघतो आणि मग प्रश्न विचारतो. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणं त्याला आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणतो. लग्नानं तो उतरला असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे सत्य शोधणाऱ्याला सत्य घेऊन घरी जाता आलं पाहिजे, हे त्या लेखकाला ठाऊक होतं.

प्वारोकडे मी मुद्दाम थांबले, कारण पंगतीत मी नकळत त्याचीच नक्कल केली होती. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं आणि एकेक दुवा उलगडत शेवटी बोट दाखवायचं. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ अशी पंचवीस वर्षं तो साकारला. पण ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये हाच प्वारो दोन उत्तरं पुढे ठेवतो आणि खरं उत्तर मागे घेऊन खोटं पोलिसांना द्यायला तयार होतो. सुशे यांच्या २०१० सालच्या भागात तो शेवटी हातात जपमाळ घट्ट धरून बर्फातून चालत जातो आणि त्याचे डोळे भरलेले असतात. जन्मभर सगळ्यांसमोर सत्य मांडणाऱ्या माणसाला एकदा ते गिळावं लागलं, आणि ते त्याला किती जड गेलं हे त्या चालण्यात दिसतं.

आणि माझा तो यंत्रासारखा होम्स! ‘थ्री गॅरिडेब्ज’ या कथेत वॉटसनला गोळी लागते आणि होम्सचा संयम एका क्षणात तुटतो. वॉटसन मेला असता तर तू इथून जिवंत सुटला नसतास, असं तो गुन्हेगाराला बजावतो. बीबीसीच्या शेरलॉकला २०१२ मध्येच इस्पितळाच्या गच्चीवरून उडी घ्यावी लागली, ती वॉटसन, मिसेस हडसन आणि लेस्ट्रेड या तिघांवर बंदुका रोखलेल्या असतात म्हणून. त्याच्या घरी कोण आहे, हे मोरियार्टीनं बरोबर हेरलेलं असतं. म्हणजे आईचा प्रश्न खलनायकालाही सुचतो. तो त्याचं हत्यार करतो. चांगला डिटेक्टिव्ह तोच प्रश्न जपून राहण्यासाठी विचारतो. आणि जो तो विचारतच नाही, त्याच्या हातून खलनायकाचं काम नकळत होऊन जातं. मी त्या तिसऱ्या जातीतली होते.

डिटेक्टिव्हनं रडावं असं माझं म्हणणं नाही. भावनेच्या भरात पुरावा चुकीचा वाचला जातो आणि निरपराध माणूस अडकतो, हे अजूनही मला तितकंच पटतं. दुवे जोडताना डोकं थंडच हवं. माझं मत बदललं ते एवढ्यापुरतं, की उत्तर सापडलं तिथे काम संपतं असं मी समजत होते, ते संपत नाही. ते कुणाला सांगायचं, कुणासमोर नाही, आणि सांगितल्यावर कोणाच्या घरात काय कोसळेल, हाही तपासाचाच भाग आहे. त्यासाठी लागणारी अक्कल माया असल्याशिवाय येत नाही.

हे मी मालिकांतून शिकले, आणि घरात ते रोज होत होतं. अण्णा उसाच्या कडेला ओल्या मातीत बिबट्याचे ठसे वाचायचे. एकदा मोठ्या ठशांशेजारी लहान ठसे बघून ते म्हणाले, “पिल्लांची हाये.” त्यांनी तोडीच्या टोळीला तिकडून लावलं नाही आणि वनखात्याला कळवलं. या बिबट्यांनी आमच्या भागात माणसं मारली आहेत, लेकरं नेली आहेत. ते दुःख मोठं आहे, आणि अण्णांना त्या जनावराचं कौतुक नव्हतं. पण उसात पिल्लं सापडली की वनखात्याची आणि जुन्नरच्या माणिकडोह केंद्राची माणसं ती पुन्हा त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. असं बऱ्याचदा झालं आहे. पिल्लं हरवलेली मादी जास्त धोक्याची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णांनी ठसा वाचला आणि त्याच्यामागे कोण कोण आहे तेही वाचलं. मी आठ पिशव्या वाचल्या आणि तिथेच थांबले.

या वर्षी बराख भरताना मी आईजवळ विषय काढला. ती बसल्या बसल्या सुतळीचे तुकडे करत होती. मी म्हणाले, “आई, त्या पंगतीत माझं चुकलं.” कुठली पंगत असं तिनं विचारलं नाही. थोडा वेळ सुतळी कापत राहिली. मग म्हणाली, “हिशेब बरोबरच होता गं तुझा. पन जेवत्या मानसांम्होरं हिशेब मांडत नसत्यात.”

मी विचारलं, अण्णांना तरी सांगायचं होतंस, त्यांनी दिले नसते का पैसे? ती म्हणाली, “दिलं असतं. आन् दुसऱ्या दिवशी जावयाला जाब विचारायला गेलं असतं. मग पोरीला कोन नांदवतं?” ही शक्यता माझ्या मनात कधी आलीच नव्हती. अण्णांपासून लपवणं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. कांदा त्यांच्याही घामाचा होता, आणि ते त्यांना लागलं होतं. पण तिनं जे केलं ते का केलं, हे विचारायला मला तेरा वर्षं लागली.

मग ताईला फोन केला. बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, “ताई, त्या वेळी मी तुझा विचार केला नाही.” पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, “त्या दिवाळीला मी पिशवी भरून ठेवली होती गं. तुझ्यासाठी साडी घेतली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत ती पिशवी तशीच खुंटीला होती. मग मी ती सोडली.”

माझ्या हिशेबात १३० पिशव्या होत्या. ही धरलेली नव्हती.